हातातला खेळ आणि व्रताची मर्यादा

आषाढ लागला की लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणारे रस्ते पर्यटकांनी भरून जातात, बाजारपेठेत हंगामाची धांदल असते आणि घरातील मोठी माणसे दुकानात अडकलेली असतात. धर्मस्थानकात चातुर्मासाची प्रवचने सुरू झालेली असतात. मुले मात्र बहुतेक वेळ घरातच. अशा दिवसांत माळ्यावरच्या खोक्यांतून जुन्या वस्तू खाली येतात. कामशेत, वडगाव, तळेगाव येथील अनेक व्यापारी घरांत त्या खोक्यात थोरल्या भावाचा किंवा काकांचा एक जुना खेळ हमखास सापडतो. हातात धरून खेळायचे, मध्ये पडदा आणि दोन्ही बाजूंना कळी असलेले ते यंत्र, म्हणजे सोनी कंपनीचा पीएसपी.

धाकट्या मुलांना या जुन्या यंत्राची गोडी लागते आणि पालकही त्याला फारसा विरोध करीत नाहीत. त्याला कारण आहे. मोबाईलवरील खेळ संपत नाहीत. मध्येच जाहिराती दाखवतात, पैसे मागतात आणि अनोळखी माणसांशी गाठ घालून देतात. पीएसपीवरील खेळ एकदा विकत घेतला की तो पुरा आपला. त्याला आरंभ असतो आणि बहुधा शेवटही असतो. परंतु एक खेळ संपला की दुसरा हवासा वाटतो, दुसऱ्यानंतर तिसरा, आणि पाहता पाहता संग्रहाची हौस जडते. ही हौस कोणत्या वळणाने जाऊ द्यावी, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. मुलगा आयुष्यात प्रथमच माल पारखतो, भाव ठरवतो आणि साठा करतो, तो पुष्कळदा अशाच एखाद्या छंदातून.

यंत्राची माहिती थोडक्यात अशी. पीएसपी १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याचा पडदा ४.३ इंचांचा आहे. खेळ यूएमडी नावाच्या चकतीवर येतात. प्लास्टिकच्या कवचात बसवलेली ही चकती अवघी ६० मिलिमीटर व्यासाची असून तिच्यात १.८ जीबीपर्यंत मजकूर मावतो. जगभरात या यंत्राचे सुमारे ८ कोटी नग खपले. २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि पुढे यंत्रावरून थेट खेळ विकत घेण्याची सोयही बंद झाली. त्यामुळे आज ज्याला पीएसपीचा खेळ हवा, त्याला जुनी चकतीच शोधावी लागते. मावळातील मुले त्यासाठी लोकलने पुणे गाठतात. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि तापकीर गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने हे त्यांचे नेहमीचे ठिकाण. कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही चौकशी करतो.

खरेदीला निघण्यापूर्वी तीन गोष्टी घरात ठरलेल्या असाव्यात. कोणता खेळ घ्यायचा, कोठून घ्यायचा आणि किती घ्यायचे. श्रावकाच्या बारा व्रतांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत.

पहिला प्रश्न निवडीचा. पीएसपीवर सर्वाधिक गाजलेल्या खेळांत ‘मॉन्स्टर हंटर’ या मालिकेचे नाव अग्रभागी आहे. तिचा सारा डोलारा शिकारीवर उभा आहे. प्रचंड प्राणी मारायचे, त्यांची कातडी आणि हाडे गोळा करायची, त्यांतून नवी शस्त्रे घडवायची आणि आणखी मोठ्या प्राण्याच्या मागे लागायचे. ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये रक्तपाताला सीमा नाही. मुलाला हटकले तर त्याचे उत्तर तयार असते, “खरे कोण मरते? ती तर नुसती चित्रे आहेत.”

या उत्तराला जैन कथासाहित्याने फार पूर्वीच प्रत्युत्तर देऊन ठेवले आहे. हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’त आणि पुढे दहाव्या शतकात सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलका’त यशोधर राजाची कथा येते. अशुभ स्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा, असा आग्रह राजमातेने धरला. राजाचे मन हिंसेला तयार होईना. अखेर तडजोड निघाली आणि पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्यात आला. जीव कोणाचाच गेला नाही. परंतु मारण्याचा संकल्प झाला होता. त्या संकल्पाचे फळ म्हणून मायलेकरांना पशुपक्ष्यांच्या योनींत जन्मामागून जन्म भोगावे लागले, असे कथा सांगते. द्रव्यहिंसा घडली नाही तरी भावहिंसा घडू शकते, हे सांगण्यासाठी याहून नेमका दृष्टांत मिळणे कठीण. पडद्यावरचा प्राणी हा आजच्या काळातील पिठाचा कोंबडाच होय. अनर्थदंडविरमण व्रतात अपध्यानाचा, म्हणजे निष्कारण दुष्ट चिंतनाचा, निषेध आहे. तासन्तास माराव्या लागणाऱ्या सावजाचा विचार करणे त्याहून फारसे वेगळे नाही.

याचा अर्थ यंत्र पुन्हा माळ्यावर टाकावे असा नाही. याच यंत्रावर असे अनेक खेळ आहेत की ज्यांत बुद्धीला काम आहे आणि कोणाला मारावे लागत नाही. ‘ल्युमिनेस’ या खेळात दोन रंगांचे चौकोनी ठोकळे वरून येतात आणि एका रंगाचे चौकोन जुळवावे लागतात. संगीताच्या ठेक्यावर एक रेषा सरकत येते आणि जुळलेले ठोकळे पुसून नेते. नियम दोन मिनिटांत समजतो, हात बसायला मात्र महिने लागतात. ‘मर्क्युरी’मध्ये पाऱ्याचा थेंब न सांडता उतरणीवरून पलीकडे न्यायचा असतो. थोडी घाई झाली की थेंब कडेवरून ओघळतो.

‘एकोक्रोम’ हा खेळ तर जैन घरात मुद्दाम ठेवावा असा आहे. पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेषांनी काढलेल्या वाटांवरून एक आकृती चालत असते. एका बाजूने पाहिले तर वाट तुटलेली दिसते. दृश्य फिरवून दुसऱ्या कोनातून पाहिले की तीच वाट जोडली जाते. जे एका दृष्टीने नाही ते दुसऱ्या दृष्टीने आहे, हे मुलाला येथे प्रत्यक्ष हाताळायला मिळते. अनेकांतवादावरील प्रवचन ऐकताना त्याला हा खेळ आठवला, तर ते प्रवचन त्याच्या अधिक लक्षात राहील.

लहानग्यांसाठी ‘लोकोरोको’ योग्य. त्यात गोल, गाणारे जीव असतात; खेळणारा त्यांना थेट हलवत नाही, तर सारी जमीनच डावीकडे-उजवीकडे कलती करतो आणि ते घरंगळत जातात. वाटेत थोडी झटापट आहे. शस्त्रे मात्र नाहीत. मोटारींची आवड असणाऱ्या मुलासाठी २००९ मधील ‘ग्रान तुरिस्मो’ आणि शांतपणे खेळण्यासाठी ‘एव्हरीबडीज गोल्फ’ ही नावे सुचवता येतील.

भारतात तयार झालेले पीएसपीचे खेळ थोडे आहेत. म्हणूनच संग्राहकाला त्यांचे मोल अधिक. मुंबईच्या ट्राइन गेम्सने केलेला ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गल्लीतल्या क्रिकेटचा खेळ आहे. हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेने ‘देसी अड्डा’ तयार केला. त्यात कबड्डी, विटीदांडू असे आपले मैदानी खेळ पडद्यावर आले. तिसरे नाव ‘चंद्रगुप्त: वॉरियर प्रिन्स’. जैन वाचकाला याच नावापाशी थांबावे लागते. खेळातील चंद्रगुप्त नावाप्रमाणेच लढवय्या राजपुत्र आहे. आपल्या परंपरेतील चंद्रगुप्ताची ओळख मात्र तेथे पुरी होत नाही. जैन परंपरा सांगते की, मगधाचा हा सम्राट राज्य सोडून भद्रबाहू स्वामींच्या मागे दक्षिणेत गेला आणि श्रवणबेळगोळ येथील टेकडीवर सल्लेखना घेऊन त्याने देह ठेवला. ती टेकडी आजही चंद्रगिरी म्हणून ओळखली जाते. संग्रहात ही चकती ठेवायचीच झाली, तर मुलाला राजाच्या जीवनाचा हा उत्तरार्धही सांगितला जावा. खेळ तलवारीपाशी संपतो, चरित्र त्यागापाशी पूर्ण होते.

दुसरा प्रश्न कोठून घ्यायचे, हा. व्यापारी घराने या प्रश्नाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. पीएसपीचे अंतर्गत सॉफ्टवेअर बदलून मेमरी कार्डावर डझनावारी खेळ फुकट भरून देण्याचा धंदा एके काळी सर्रास चालत असे आणि आजही कुणी तसे सुचवतो. कार्डात पन्नास खेळ भरून मिळत असताना एका चकतीसाठी पैसे का मोजावेत, असे मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे स्पष्टपणे गणलेले आहे. खोटी मापे वापरणे आणि अस्सल म्हणून नक्कल विकणे हेही त्याच यादीत आहे. दुकानात बनावट माल ठेवणार नाही, असे सांगणाऱ्या घराच्या मुलाने आपल्या करमणुकीत बनावट माल चालवून घ्यावा, ही विसंगती मुलाच्याच ध्यानात आणून द्यावी. जुनी पण अस्सल चकती विकत घेणे यात कोणताही दोष नाही. वापरलेल्या वस्तूला पुन्हा उपयोगी आणल्याने नव्या वस्तूच्या निर्मितीतील आरंभ-समारंभ टळतो, हा आणखी लाभ.

जुना माल पारखून घ्यावा. चकती लावून यंत्र ती वाचते का, हे दुकानातच पाहावे. यूएमडीचे प्लास्टिकचे कवच उकलले असेल तर चकती नीट फिरत नाही. यंत्राची पाठ फुगलेली दिसली तर आतील बॅटरी फुगली आहे असे समजावे आणि ती लावू नये. पीएसपी गो या प्रकारात चकती बसतच नाही, आणि ई१००० या प्रकारात वाय-फाय नसल्याने दोन भावंडांना दोन यंत्रे जोडून एकत्र खेळता येत नाही. पीएसपीच्या खेळांना देशाचे बंधन नाही. जपानची किंवा युरोपची चकती इथल्या यंत्रावर चालते, मात्र भाषा तपासून घ्यावी. मावळच्या ओल्या हवेत चकत्यांची वेष्टने आणि त्यांतील कागद लवकर खराब होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावीत आणि यंत्र बरेच दिवस वापरायचे नसेल तर बॅटरी काढून ठेवावी.

तिसरा प्रश्न संख्येचा आणि तोच सर्वांत अवघड. संग्राहकाची हौस अपुरेपणावर जगते. शंभर चकत्या जमल्या तरी मनात न मिळालेली एकशेएकावीच घोळत राहते. ‘ग्रान तुरिस्मो’मध्ये तर आठशेहून अधिक मोटारी गोळा करता येतात, म्हणजे संग्रहातल्या एका चकतीच्या पोटातही संग्रहाचीच ओढ भरलेली आहे. येथे ‘उपासकदशांग’ सूत्रातील आनंद श्रावकाचे उदाहरण उपयोगी पडते. आनंद हा वाणिज्यग्रामाचा मोठा धनिक होता. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात आणि प्रत्येकी दहा हजार गाईंचे चार कळप असा त्याचा पसारा. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने हे सारे टाकून दिले नाही. जे होते त्याला त्याने मर्यादा घातली आणि यापुढे यापेक्षा अधिक नाही, असे ठरवले. दातवणासाठी कोणती काडी वापरायची इथपर्यंत त्याने नियम बांधून घेतले. संपत्ती असणे आणि संपत्तीला सीमा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने ओळखले होते.

मुलाच्या संग्रहालाही हेच लागू करता येते. पालकांनी आकडा लादू नये. मुलाने तो स्वतः ठरवावा आणि पहिली चकती घेण्यापूर्वी वहीत लिहावा. बारा म्हटले तर बारा. पुढे तेरावी आवडली तर आधीच्या बारांतील एक कुणाला तरी द्यावी आणि मगच नवी आणावी. वहीत प्रत्येक चकतीची तारीख, किंमत, कोणाकडून घेतली आणि खेळ पूर्ण झाला की नाही, याची नोंद असावी. जो खेळ वर्षभर उघडला नाही, त्याची जागा घरात नाही, हेही त्या वहीवरून मुलाला आपोआप कळेल. पुढे दुकानाची खातेवही हाती येईल तेव्हा ही सवय कामी येईल. चतुर्दशीला किंवा पर्युषणाच्या आठ दिवसांत यंत्र बंद ठेवण्याचा नियमही याच वहीत लिहिता येईल.

जी चकती संग्रहातून बाहेर जाईल, ती शक्यतो विकू नये. ज्या मुलाकडे यंत्र आहे पण खेळ नाहीत, त्याला द्यावी. मावळातच पाले गावाजवळच्या एका लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. अर्हंतांना नमस्कार करून तो सुरू होतो, आणि म्हणून महाराष्ट्रातील अगदी प्राचीन जैन लेखांत त्याची गणना होते. भदंत इंदरखित यांनी हे लेणे आणि पाण्याची पोढी करविली, एवढेच तो सांगतो. त्यांच्यापाशी काय काय होते याची नोंद नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी त्यांनी काय केले, तेवढीच दगडावर राहिली आहे. पावसाची उघडीप मिळाली की मुलांना एकदा तो लेख दाखवून आणावा.