झुंजारसाठी कप्पा

आवडता हीरो कोण, असं कुणी विचारलं की मी बिनधास्त सांगतो... झुंजार! समोरचा म्हणतो, ‘हा कोण रे?’ बस्स, तिथेच आपलं टाळकं सटकतं. अहो, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार! १९०६ साली जन्मलेल्या, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. हजार! इथे आपल्याला मंथली रिपोर्ट लिहिताना घाम फुटतो.

झुंजार स्मार्ट, धाडसी आणि बायकोवर जाम फिदा. विजयाही साहसात त्याच्यासोबत असते. (आजकालच्या हीरोंनी शिका काहीतरी!) जाणकारांनी नाकं मुरडली, तरी वाचनालयात या पुस्तकांवर उड्या पडायच्या. काळापहाडही भारी, पण माझं मत झुंजारलाच.

गावचं घर विकलं आणि बाबांसोबत त्यांची ट्रंकही आमच्या वन-बीएचकेत आली. पानं इतकी पिवळी, की उलटताना कोपरा हातात येतो. ‘रद्दीत दे रे,’ बाबाच म्हणाले. तेही खिडकीबाहेर बघत!

मी शू-रॅक रिकामा केलाय. बूट दाराबाहेर. बाबांना आता बारीक टाइप दिसत नाही, त्यामुळे रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण मी मोठ्यानं वाचतो. खुनी कोण हे त्यांना पाठ असतं, पण सांगत नाहीत.