भातलागणीला विटाळ कुठं जातो?

आज खत-फवारणीचं बाजूला ठेवतो. विषय घरचा आहे, पण शेताशीच बांधलेला.

आषाढात आपल्या मेढ्याकडं भातलागण सुरू झाली की माणसं मिळत नाहीत. गुडघाभर चिखलात बाया-पोरी दिवसभर वाकून तरवा लावतात. त्यातली कोण पाळीत आहे, हे कुणी विचारतं का? नाही. मग त्यांच्या हातचं भात जळतं का? तेही नाही. आणि तीच पोरगी परसातल्या दोडक्याजवळ गेली की लगेच, "शिवू नको, वेल सुकंल!" काम अडलं की विटाळ गायब, काम झालं की हजर.

वेल सुकतो तो बहुतेक वेळा मर रोगानं. बुडाशी खोड उभं चिरून बघा, आतून तपकिरी दिसलं तर बुरशी आहे. पाण्याचा निचरा करा, फेरपालट करा, ट्रायकोडर्मा वापरा. पोरीला उठवून बुरशी जात नाही. मीही माझ्या नववीतल्या पोरीला वाफ्यातून उठवलं होतं. ती म्हणाली, "आप्पा, काल लागणीत चालले की मी!" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता शाळेचं. 2018 साली सरकारनं अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड. चांगलं झालं. पण पॅड बदलायला कडी लागणारा संडास, नळाला पाणी आणि वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा नको का? जिला पॅड मिळत नाही ती कापड वापरते. कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवायचं असतं. आपल्याकडं पावसाळ्यात ऊन नाही, त्यात लाजेनं ते दुसऱ्या कपड्याखाली लपवायचं. ओलं कापड म्हणजे खाज, जखम, आजार. बियाणं दमट राहू नये म्हणून आपण किती जपतो!

पोरगी महिन्याला तीन-चार दिवस घरी बसते. अभ्यास मागं पडतो. मग आपणच म्हणतो, "हिला शिक्षणात गोडी नाही", आणि अठराच्या आत स्थळं बघतो. तो गुन्हा आहे, हे माहीत असून. मूल कधी, किती, हे ठरवायची अक्कल आणि हक्क तिला यायच्या आधीच तिचा निर्णय झालेला असतो.

"हा बायकांचा विषय", असं म्हणणाऱ्यांना विचारतो: मोटर कोण बसवतं? पाइप कोण जोडतं? ग्रामसभेत कोण बोलतं? ठिबकचा एक ड्रिपर तुंबला तर आपण रान पालथं घालतो. शाळेतल्या पोरींच्या संडासाचा नळ कोरडा आहे, ते कधी बघितलं?

शिक्षण हक्क कायद्यानं मुलींना वेगळा संडास दिलाय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला पाहिजेत. पुढच्या बैठकीला जा. पाणी, कडी, डबा, तिन्ही मागा आणि वहीत लिहून घ्या.

याच जावळीत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. गरज आहे ती आपण आडवं न येण्याची.