मेलेल्यांना मेलेलंच राहू द्या

२०१७ च्या मार्चमध्ये लोगन मेला. जेम्स मॅन्गोल्डच्या त्या चित्रपटात ह्यू जॅकमनचा वुल्व्हरिन, म्हणजेच लोगन, म्हातारा झाला होता, लंगडत होता, त्याच्या जखमा भरून येईनाशा झाल्या होत्या. शेवटी त्याची मुलगी, छोटी लॉरा, त्याच्या थडग्यावरचा लाकडी क्रूस उपटते आणि तिरका करून 'एक्स'सारखा ठेवते. दिवे लागले तरी आमच्या पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलं जागची हलली नव्हती. सात वर्षांनी 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' आला आणि सुरुवातीलाच डेडपूलनं तेच थडगं उकरलं. लोगनचा सांगाडा बाहेर काढला आणि त्याच्याच हाडांनी माणसं मारली. थिएटर हसत होतं. मला संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून सांगलीला शेवटचा खेळ गाठायचा, हा माझा शौक. भुतांचे आणि सुपरहिरोंचे, दोन्ही प्रकारचे चित्रपट मी आवडीनं बघते. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असले पिक्चर काय बघायचे, असं विचारणारे खूप भेटतात. त्यांना माझं उत्तर असं, की मरणाबद्दल मोकळेपणानं बोलणारे चित्रपट आता हेच उरलेत. निदान उरले होते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. मध्यरात्री चिठ्ठी घेऊन धावत आलेला मुलगा मला ओळखू येतो, आणि दोन दिवसांनी न उघडलेली इंजेक्शनं परत करायला आलेला त्याचा काकाही. त्यामुळे पडद्यावर एखाद्याला मारून पुढच्या भागात सहज उठवून बसवलं, की मला ती करमणूक वाटत नाही.

सुपरहिरो असाच, मरून उठणारा असतो, असं म्हणू नका. माझ्या दादाकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता, त्यात माझा पहिला सुपरहिरो भेटला तो वेताळ. ली फॉकनं १९३६ साली निर्माण केलेला हा 'फँटम'. जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो. खरं म्हणजे तो एकविसावा. बाप मरतो, मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि तोच पोशाख चढवतो. कवटीच्या गुहेत आधीच्या वीसही वेताळांची थडगी आहेत. त्याच्याकडे कसलीही दैवी शक्ती नाही. गोळी लागली तर तो मरणार, हे प्रत्येक पानावर माहीत असायचं, म्हणून तर गोळीबाराचं पान उलटताना छातीत धडधडायचं.

भयकथा आणि कॉमिक्स हे मुळात एकाच घरातले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सारखी भीतीची कॉमिक्स जोरात खपत होती. मुलं बिघडतात म्हणून ओरड झाली, १९५४ साली सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच नियमावली लादून घेतली. रक्तपिपासू, नरलांडगे, चालती प्रेतं, सगळ्यांना बंदी. भुतं गेली आणि काही वर्षांतच दुकानांत सुपरहिरोंचं राज्य आलं. नियम सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. पुढे १९७३ मध्ये स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडली. त्यानं तिला जाळ्यात झेललं, तरी ती वाचली नाही. त्या पानांवर भय आणि शौर्य एकत्र आलं. वाचवायला गेलेला माणूस वाचवू शकत नाही, याहून मोठी भीती कुठल्या वाड्यात आहे?

आता 'अ‍ॅव्हेंजर्स' घ्या. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये थॅनॉस चुटकी वाजवतो आणि निम्मी सृष्टी धूळ होते. पोरसवदा स्पायडरमॅन टोनी स्टार्कच्या मिठीत विरघळतो. माझा घसा दाटून आला होता. भाचा कानात म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी याचाच पिक्चर येतोय, तारीखसुद्धा जाहीर झालीय." संपलं! कंपनीच्या वेळापत्रकानं तो क्षण माझ्या हातातून काढून घेतला. 'एन्डगेम'मध्ये टोनी स्टार्क खरोखर गेला, तेव्हा मी त्यांना माफ केलं होतं. मग २०२४ च्या जुलैमध्ये टोनी साकारणारा तोच रॉबर्ट डाउनी ज्युनिअर मंचावर मुखवटा काढून उभा राहिला: आता तो डॉक्टर डूम होणार. पात्र वेगळं आहे, कळतं मला. पण ज्या चेहऱ्याला आपण निरोप दिला, तोच चेहरा पुन्हा तिकीटबारीवर उभा करायचा, ही निरोप देणाऱ्यांची फसवणूक आहे.

याच कंपनीत एका दिग्दर्शकानं मात्र मरणाचा मान राखला. 'ब्लॅक पँथर' झालेला चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला. रायन कूगलरनं 'ब्लॅक पँथर'च्या दुसऱ्या भागात त्याच्या जागी दुसरा नट घेतला नाही. चित्रपट सुरूच होतो राजाच्या मृत्यूनं आणि पांढऱ्या कपड्यांतल्या अंत्ययात्रेनं. तोच कूगलर २०२५ मध्ये 'सिनर्स' घेऊन आला. १९३२ सालचं मिसिसिपी, कापसाची शेतं, दोन जुळे भाऊ, त्यांनी सुरू केलेला गाण्याबजावण्याचा अड्डा, आणि दाराबाहेर उभे असलेले रक्तपिपासू. आतून कुणी बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. या एका अटीवर कूगलरनं असा ताण उभा केला, जो अब्जावधींच्या 'मल्टिव्हर्स'ला जमलेला नाही. मल्टिव्हर्समध्ये एक मेला तर शेजारच्या विश्वातून दुसरा आणता येतो. मग रडायचं कुणासाठी?

भयपटाला हद्द लागते. भुताची जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, त्याला काय चालत नाही तेही ठरलेलं असतं. माझ्या आजोळी, देवरुखकडे, पाराजवळच्या पिंपळावर मुंज्या आहे असं सांगत. तो त्या पिंपळाचा. आमच्या अंगणात येत नसे. म्हणून दिवेलागणीनंतर त्या वळणावरून जाताना पाय जड व्हायचे, आणि घराची पायरी चढली की सुटल्यासारखं वाटायचं.

राही अनिल बर्वेच्या 'तुंबाड'ला हे नेमकं उमगलेलं आहे. त्यातला हस्तर वाड्याखालच्या गर्भातच असतो, त्याला पिठाच्या बाहुलीची भूक आहे, आणि पिठाच्या रिंगणात त्याला शिरता येत नाही. चित्रपट हिंदीत असला तरी त्यातला पाऊस, ओल, लाल माती, सोन्यासाठी झिजणारा विनायक, सगळं आपलं आहे. प्रेरणा नारायण धारपांची, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. २०१८ मध्ये लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. विशाल फुरियाचा मराठी 'लपाछपी' तर भर दिवसा घाबरवतो. चहूबाजूंनी ऊस, मधे घर आणि पोटुशी बाई. आमच्या भागात ऊस म्हणजे पैसा आणि प्रतिष्ठा, आणि त्याच उसात न जन्मलेल्या मुलींचा हिशेब दडवलाय. ती भीती घरी आली तरी सुटत नाही. एकदम मोठा आवाज करून दचकवणारे भयपट पार्किंगपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

म्हणूनच 'मुंज्या'चं मला दुःख आहे. त्याचा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यानं मराठीत 'झोंबिवली' केला तेव्हा मी खूश झाले होते. 'मुंज्या'नं मोठा नट नसताना शंभर कोटींच्या वर गल्ला जमवला. मुंजीनंतर लगेच मेलेला, लग्नासाठी हटून बसलेला तो पोरगा आपल्या मातीतला आहे. पण श्रेयनामावलीच्या सुमारास त्याच संस्थेच्या दुसऱ्या चित्रपटातला 'भेडिया' हजर झाला आणि मला 'अ‍ॅव्हेंजर्स' आठवले. 'मुंज्या'च्या निर्मिती संस्थेनं २०२५ च्या सुरुवातीलाच २०२८ पर्यंतच्या आठ चित्रपटांची यादी जाहीर केली. त्यात 'महा मुंज्या' आहे, आणि शेवटी पहिलं आणि दुसरं 'महायुद्ध' आहे. म्हणजे पिंपळावरचा मुंज्या आता फौजेत भरती होणार. त्याच यादीतल्या 'थामा'मध्ये रक्तपिपासू आणि लांडगा यांची मारामारी आपण पाहिलीच. भूत इमारती फोडायला लागलं की ते भूत राहत नाही. कोण कुठल्या साली परतणार हे आधीच छापून आलेलं असताना अंधारात मी घाबरू कशासाठी?

पैसा लागतो, हे दुकानदार म्हणून मला समजतं. चाललेला माल पुन्हा मागवावासा वाटणारच. पण 'लपाछपी'ला कसलं विश्व लागलं होतं? एक घर, चार नट आणि शेत. मराठी निर्मात्यांकडे आजही सुपरहिरोचा पैसा नाही, आणि भयपटाला तो लागतही नाही. धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या भयकथा कपाटात पडून आहेत. हडळ, खवीस, झोटिंग, चकवा, गिऱ्हा यांच्यापैकी बहुतेकांना अजून धड चित्रपट मिळालेला नाही. त्यातलं एक उचला, त्याला त्याची विहीर द्या, त्याचा नियम द्या, आणि शेवटी जो मरेल त्याला मेलेलाच राहू द्या. दुसऱ्या भागाची तारीख पहिल्या भागाच्या पोस्टरवर छापू नका. असा चित्रपट सांगलीला लागला, तर पहिल्या आठवड्यात शेवटच्या खेळाची दोन तिकिटं आमची.