आईजवळ कोणाला ठेवायचं?



नांदेडच्या एका भगिनीचं पत्र आलंय. आई लातूरला, लकव्यानं उजवी बाजू गेलेली, बोलणंही जड झालेलं. भाऊ पुण्याला. (शिकवणीसाठी परगावची पोरं लातुरात येतात आणि लातूरची पुण्याला जातात, गंमतच आहे!) ब्यूरोवाले म्हणतात, उद्याच बाई पाठवतो. ताई विचारतात, ‘पैसे किती ते कळलं, बाई कशी ते कसं कळावं?’

आधी कागद घ्या आणि आईची कामं लिहून काढा. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, संडासला नेणं हे सरावाची मावशी करील. पण नाकात किंवा लघवीला नळी असेल, खोल जखम असेल, तर सिस्टरच हवी. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी आहे ना, ते बघाच. पांढरा कोट घातला म्हणून कुणी सिस्टर होत नाही. ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणी आणि बदली बाई कधी देणार, हे ब्यूरोकडून लेखी घ्या.

आता माझंच सांगते. सासूबाईंसाठी मी फोनवरच बाई ठरवली. स्वभावानं गोड, घर आरशासारखं ठेवायची. मी खूश! पंधराव्या दिवशी चादर बदलताना बघते तर काय, माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम. बाई दिवसभर केर-फरशी करीत होती आणि सासूबाई उताण्या पडून होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे तिला ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. जखम भरायला चार महिने लागले. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत हो, तेच जास्त लागलं.

म्हणून म्हणते ताई, पहिले दोन दिवस रजा काढून लातूरला राहा. बाईला फार विचारू नका, नुसतं बघा. आईला उठवताना दुखरा हात ओढते, की पाठीला आधार देते? लकव्याचा खांदा ओढला की जागचा हलतो. पाणी आडवं ठेवूनच पाजते, की बसवून, घोटघोट? आडवं पाजलेलं फुप्फुसात जातं. हात लावण्याआधी ‘आजी, कूस बदलू का?’ म्हणते का? मग बाई बाहेर गेली की आईलाच विचारा. बोलता येत नसेल, पण मान हलते ना?

आई अजून दवाखान्यात असेल तर फारच बरं. लातूरचं विलासराव देशमुख शासकीय संस्थेचं रुग्णालय असो की तुमचं विष्णुपुरीचं, घरी आणण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला विनंती करा आणि कूस बदलणं, भरवणं स्वतः शिकून घ्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही टिपून ठेवा.

आणि हो, चोवीस तास जागी राहणारी बाई जगात नाही. तिलाही आठवड्याची सुट्टी द्या. भावाकडून पैसे घ्याच, पण महिन्यातला एक रविवारही मागा. बाईची सुट्टी त्याच दिवशी ठेवा.