गाठ एकीकडे, त्रास भलतीकडे

शाळेत काढलेलं अणूचं चित्र आठवतंय? मध्ये ठिपका, भोवती गोल ट्रॅक आणि त्यावर पळणारे इलेक्ट्रॉन. अगदी सूर्यमाला! बॉस, ते चित्र केव्हाच मोडीत निघालंय. १९२६ मध्ये श्रोडिंजरने आपलं समीकरण मांडलं आणि ट्रॅकच्या जागी ऑर्बिटल आलं. म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची शक्यता जास्त, असा एक ढग.

हायड्रोजनच्या ढगात इलेक्ट्रॉन एकच. १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देऊन तो काढला, की उरतो प्रोटॉन. खारघरला टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ आहे ना, तिथे २०२३ पासून याच प्रोटॉनने कॅन्सरवर उपचार होतात. शरीरात शिरलेले प्रोटॉन वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातात, सगळ्यात मोठा मारा प्रवासाच्या शेवटी करतात आणि थांबतात. नेम गाठीवर, पलीकडे जवळपास काहीच नाही. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, ते उगाच नाही!

गाठ मात्र असा नेम पाळत नाही. फुप्फुसाच्या ‘स्मॉल सेल’ कॅन्सरमध्ये कधीकधी गाठच एक हार्मोन रक्तात सोडते. मग किडनी पाणी धरून ठेवते, सोडियम घसरतं आणि माणूस गोंधळल्यासारखा वागतो. कॅन्सर मेंदूत पोचलेलाही नसतो! काही गाठींमुळे कॅल्शियम वाढतं. तहान, बद्धकोष्ठता, सुस्ती सुरू होते. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या नसांवर उलटते. डॉक्टर याला ‘पॅरानिओप्लास्टिक सिंड्रोम’ म्हणतात. काही वेळा गाठ सापडण्याआधीच ही लक्षणं दिसतात.

आता घरात बघा. बाबा हल्ली विसरतात, सुस्तावलेले असतात. आपण ‘वय झालं’ म्हणतो आणि लोकल पकडायला पळतो. घाबरू नका, बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. पण काही दिवसांत माणूस बदलला, विनाकारण वजन उतरलं, तर फॅमिली डॉक्टरकडे न्या. सोडियम-कॅल्शियम साध्या रक्ततपासणीत कळतं. अचानक गोंधळ उडाला किंवा फिट आली, तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर नवी तक्रार ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. यातल्या बऱ्याच त्रासांवर इलाज असतो.

या वीकेंडला मॉलचा प्लॅन तासभर पुढे ढकला. बाबांशी नीट गप्पा मारा.