नववी ही दहावीची देवडी नव्हे

जून महिन्यात शाळा उघडतात आणि नववीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींवर उपदेशाचा वर्षाव सुरू होतो. ‘आता खेळ पुरे’, ‘दहावी तोंडावर आली’, ‘शेजारचा मुलगा लातूरला गेला’. या उपदेशात दहावी असते, बारावी असते, ‘नीट’ असते. फक्त नववी नसते. माध्यमिक शाळेचे पहिले वर्ष म्हणजे जणू दहावीच्या वाड्याची देवडी. तेथे बसायचे आणि आत बोलावण्याची वाट पाहायची! हा समज मुळातूनच चुकीचा आहे, आणि धाराशिवसारखा जिल्हा त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजत आहे.

हुशार मुलाची कथा प्रथम पाहावी. लातूर 1982 पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होते. तेथे नावारूपाला आलेला ‘लातूर पॅटर्न’ मुळात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी होता आणि त्यामागे शिक्षकांचे कष्ट होते. आज त्याच नावाच्या पुण्याईवर चौदा वर्षांच्या मुलाला ‘फाउंडेशन’च्या वर्गात बसवले जाते. शाळेत केवळ नाव, दिवस मात्र शिकवणीत! वस्तुतः केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग वर्गांनी दहावीच्या परीक्षेपूर्वी प्रवेश देऊ नये. सूचना कागदावर आहे आणि फलक चौकात झळकत आहेत. दोष केवळ वर्गचालकांचा कसा म्हणावा? शुल्क भरणारे हात सुशिक्षित पालकांचेच आहेत.

कच्च्या मुलाची कथा याहून कठोर आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, पण त्याची हमी आठवीपाशी संपते. नेमक्या याच उंबरठ्यावर अनेक गावांतील जिल्हा परिषदेची शाळा संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावी असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलगा दिवाळीनंतर वर्गातून दिसेनासा होतो. मुलीच्या बाबतीत अंतराची भीती आणि लग्नाची घाई एकत्र येतात. जो कसाबसा टिकतो, त्याच्यापुढे दहावीचा शंभर टक्के निकाल मिरवण्याच्या मोहाची भिंत असते. निकाल उजळ राहावा म्हणून नववीतच मुले गाळायची आणि त्यांच्या हाती सतरा नंबरचा अर्ज द्यायचा, ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. मूल गळाले, निकाल मात्र चकाकला! याला शिक्षण म्हणावे काय?

याच जिल्ह्याने शाळेचा वेगळा अर्थ एकदा दाखवला आहे. निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होते. प्रश्न उर्दू भाषेच्या थोरवीचा नव्हता; मराठी मुलाला स्वतःच्या भाषेत विचार करण्याच्या अधिकाराचा होता. त्या काळात लोहारा परिसरातील हिप्परगा येथे 1921 साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली. व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते. 1932 साली संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखालील मुक्तिलढ्याची सांगता 17 सप्टेंबर 1948 रोजी झाली. गुणपत्रिकेपुरती पाहणारी शाळा अशी माणसे जोडू शकली असती काय?

म्हणून नववीच्या विद्यार्थ्याला सांगायचे ते सरळ आहे. मागील इयत्तांतील कच्चे दुवे पहिल्या दोन महिन्यांत शोधावेत. अपूर्णांक अडत असेल तर बीजगणित अडणारच. त्याची लाज न बाळगता शिक्षकांना विचारावे. रोज एक पान मोठ्याने वाचावे आणि त्याचा आशय स्वतःच्या मराठीत लिहावा. इंग्रजीचीही तयारी त्याच निष्ठेने करावी. मातृभाषेचा अभिमान म्हणजे परभाषेची भीती नव्हे. सायंकाळचा तास मैदानाचा, रात्रीचा पुस्तकाचा. मोबाईलला या दोहोंत जागा नसावी.

परंतु विद्यार्थ्याला उपदेश करून मोठ्यांची सुटका होत नाही. आठवीत एनएमएमएस परीक्षेतून निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. हे कितीशा घरांना ठाऊक आहे? कार्यकर्त्याने आपल्या गावातील आठवी उत्तीर्ण मुलांची यादी करावी आणि नववीच्या हजेरीपटाशी ती ताडून पाहावी. जे नाव गळाले असेल, त्या घरी जावे. ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलाच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय चार घरांनी मिळून करावी. शिक्षणप्रेमाची भाषणे पुष्कळ झाली. आता या याद्या हव्या आहेत.

देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिवचे नाव आहे. ही आकांक्षा दिल्लीच्या तक्त्यांत पूर्ण होणार नाही. ती नववीच्या शेवटच्या बाकावर बसली आहे, आणि तो बाक रिकामा होऊ न देणे हेच या जूनचे कर्तव्य आहे.