पिएरो गप्प का होता?

फ्रेंच मूकनाट्यातला पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक, पिएरो, पाहिला की आपण सहज म्हणतो, ‘मौनात केवढी ताकद असते!’ मला हे अर्धंच खरं वाटतं. पॅरिसच्या ‘फ्युनांब्युल’ या गरिबांच्या नाट्यगृहात हे मौन कुणी हौसेनं निवडलं नव्हतं. मोठ्या नाट्यगृहांचा मान आणि धंदा राखण्यासाठी सरकारनं अशा छोट्या रंगमंचांवर संवाद बोलायलाच मनाई केली होती.

बोहेमियात १७९६ साली जन्मलेल्या झाँ-गास्पार देब्युरोनं त्या मनाईतून कला घडवली. त्यानं पिएरोच्या गळ्याभोवतीची मोठी झालर काढली, डोक्याला काळी घट्ट टोपी घातली. पांढरा चेहरा उठून दिसू लागला. मग नुसती भुवई हलली, तरी वरच्या स्वस्त जागेवर बसलेल्या मजुराला अर्थ कळायचा.

याचं श्रेय देब्युरोला द्या, मनाईला नको. तोंड बांधलेला माणूस डोळ्यांनी बोलला, म्हणून तोंड बांधणारा काही कलेचा आश्रयदाता ठरत नाही. आम्ही शिक्षक गप्प बसणाऱ्या मुलाला ‘गुणी’ म्हणतो. तेव्हाही विचारायला हवं: तो गप्प आहे, की त्याला गप्प बसवलंय?